गुरुवारची मोजणी

सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. शेलारमळ्याच्या बसथांब्यावर विमल मावशी घरून आणलेल्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसली होती आणि ब्लेडने पेन्सिलीला टोक काढत होती. मांडीवर मी दिलेलं पॅड, पॅडला छापील तक्ता, आणि तो उडू नये म्हणून त्यावर तिचा जेवणाचा डबा.

“किती झाले मावशी?” मी स्कूटी स्टँडला लावत विचारलं.

“तीन. त्यातला एक चुकीच्या बसमध्ये चढलाय. पुढं उतरून परत येईल बघ.”

“चुकीच्या बसमध्ये चढला तरी रेघ मारायची.”

“मारली की. चार उभ्या, पाचवी आडवी. तू शिकवलंस तसंच हाय.” मग तिने रिकाम्या रस्त्याकडे पाहिलं. “आज निवांत हाय गं. आपलं पब्लिक अजून अंथरुणात हाय.”

“बरंय की. मोजायला सोपं,” मी म्हणाले आणि पुढच्या थांब्याकडे निघाले.

हे वाक्य माझंच. त्याला आता सतरा वर्षं झाली, पण ते दुसऱ्या कुणाच्या तोंडी घालायची सोय नाही.

तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. सिव्हिलचा डिप्लोमा करून एका खासगी सल्लागार कंपनीत लागले होते. रस्ते, बसगाड्या, माणसांची ये-जा यांचा अभ्यास करून सरकारला अहवाल द्यायचा, हा त्या कंपनीचा धंदा. आमची चाळ पुण्याच्या उत्तरेला, एमआयडीसीला अगदी खेटून. चाळीतल्या बायका-पुरुषांनी हयात मशीनसमोर उभ्याने काढलेली, त्यामुळे पंख्याखाली, खुर्चीवर बसून पगार घेणारी सुवर्णा टेमगिरे म्हणजे चाळीची मोठी कमाई होती. माझ्या ओळखपत्राचा फोटो आमच्याआधी शेजारणींनी पाहून घेतला होता.

शहराभोवतीची सगळी उपनगरं मेट्रो आणि जलद बस यांच्या जाळ्यात ओढायचं तेव्हा ठरलं होतं. मेट्रो अजून नकाशावरची जांभळी रेघ होती. ती रेघ जिथे संपायची तिथून, आमच्या एमआयडीसीच्या मधून, आठवडे बाजारापर्यंत नऊ किलोमीटरचा जलद बसमार्ग होणार होता. रस्त्याच्या मधोमध कठडे घातलेली बसची स्वतंत्र मार्गिका आणि उंच फलाटांची स्टेशनं. बस थांबणार ती फक्त स्टेशनात. हात केला, ड्रायव्हर ओळखीचा निघाला आणि गाडी थांबली, हा प्रकार बंद. त्या नऊ किलोमीटरवर जुने थांबे चौदा होते आणि स्टेशनं होणार होती आठ. कुठले सहा जाणार, हे एका दिवसात कुठल्या थांब्यावर किती माणसं बसमध्ये चढतात यावरून ठरायचं होतं. ती माणसं मोजायचं काम माझ्याकडे आलं होतं.

आमचे राजाध्यक्ष सर मुंबईचे. पार्ल्याहून सोमवारी यायचे आणि शुक्रवारी परत जायचे. माणूस सभ्य, आवाज कधी चढायचा नाही, आणि प्रत्येक गोष्ट पुस्तकाप्रमाणे. “सोमवार आणि शुक्रवार मोजणीला घेत नाहीत,” त्यांनी मला सांगितलं. “त्या दिवशी लोक विचित्र वागतात. मंगळवार ते गुरुवार, तुला सोयीचा वार घे. पण माणसं भरवशाची हवीत.”

भरवशाची माणसं आणायची कुठून? चौदा थांब्यांवर दिवसभर बसतील असे चौदा जण लागत होते. कॉलेजच्या पोरांच्या परीक्षा चालू होत्या. मग मला आमची चाळ आठवली. सकाळी सहाला उठणारी, घड्याळ पाळणारी, उत्पादनाचे आकडे फळ्यावर लिहायची सवय असलेली माणसं. त्यांना सुट्टी गुरुवारी. आमच्या पट्ट्यातल्या कारखान्यांना रविवारची सुट्टी नसतेच, विजेच्या जुन्या भानगडीमुळे गुरुवार पडलेला आहे, तो आजतागायत. त्या गुरुवारावरून आमच्या घरात कायमची कुरबुर होती. माझे वडील, आप्पा, एकतीस वर्षं फोर्जिंगच्या कंपनीत होते. आठवड्यातली एकच सुट्टी आणि ती दत्ताच्या वारी, म्हणजे घरात मटण शिजणार नाही. “सुट्टी देतानाबी मालकानं डाव साधला,” असं ते म्हणायचे.

तर मी गुरुवार ठरवला. चौदाच्या चौदा माणसं चाळीतून उभी केली, तीही एका संध्याकाळी. सरांनी माझं कौतुक केलं आणि मीही माझ्या हुशारीवर खूश होते. मोजणीच्या दिवशी सकाळपासून रात्रीपर्यंत स्कूटीवरून चौदा थांबे पालथे घातले. एकही जागा रिकामी नव्हती, एकही तक्ता अर्धवट नव्हता. आठवडे बाजाराच्या थांब्यावर तर तक्ते पुरेनात. रात्री विमल मावशीने तिचा कागद माझ्या हातात दिला तेव्हा त्यावर एकही खाडाखोड नव्हती. दिवसभराचे अडतीस.

अहवाल गेला. अडीच महिन्यांनी आराखड्याचा नकाशा लोकांसाठी खुला झाला, आणि मी त्याची एक प्रत घरी घेऊन गेले. आप्पांना दाखवायची होती. खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात का होईना, सर्वेक्षण पथकात माझं नाव छापलेलं होतं.

आप्पांनी चष्मा लावून नाव वाचलं, दोनदा वाचलं. मग बोट ठेवून ते रस्त्यावरून हळूहळू पुढे सरकले. “आन् शेलारमळा कुठं गेला?”

“तिथे स्टेशन नाही होणार, आप्पा. माणसं कमी आहेत.”

“शेलारमळ्याला माणसं कमी?”

“अडतीस आली.”

“एका पाळीचे का?”

“पूर्ण दिवसाचे.”

आप्पांनी चष्मा काढला. “विमलच्या वायरिंगच्या कंपनीत एका पाळीला तीनशे बाया हायत. त्या काय उडत येतात?” मग त्यांनी विचारलं, “मोजलं कोणत्या वारी?”

“गुरुवारी,” मी म्हणाले.

आप्पांनी नकाशाची घडी घालून तो माझ्याकडे दिला. “अगं पोरी, सगळे घरी व्हते म्हणून तर तुला माणसं मिळाली.”

रात्रभर मी तो हिशोब उलटसुलट करून पाहिला. शेलारमळा, लोखंडे गेट, वजनकाटा आणि पॉवर हाऊस, हे चारही थांबे कारखान्यांच्या दारातले. चारही ठिकाणचे आकडे पन्नासच्या आत, आणि नकाशावर चारही गायब. जाणाऱ्या सहातले उरलेले दोन खरोखरच किरकोळ होते. बाजाराचा आकडा मात्र फुगलेला, कारण गुरुवारी सगळी एमआयडीसी भाजी आणायला बाजारात जाते. ज्यांना मोजायचं होतं त्यांनाच मी मोजायला बसवलं होतं. विमल मावशी रोज काम सुटल्यावर ज्या थांब्यावर संध्याकाळी पावणेसहाला बस पकडायची, त्याच थांब्यावर तिने दिवसभर बसून रेघा मारल्या, आणि तिची स्वतःची रेघ त्यात नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी राजाध्यक्ष सरांच्या टेबलासमोर उभी राहिले आणि सगळं सांगितलं. त्यांनी मला मध्ये तोडलं नाही. ऐकून झाल्यावर टेबलावरचा पेपरवेट उचलून पुन्हा तिथेच ठेवला.

“गुरुवारी सुट्टी असते हे मला माहीत नव्हतं,” ते म्हणाले.

“मला माहीत होतं, सर.”

“हो. तोच प्रश्न आहे.” त्यांनी अहवालाची फाइल पुढे ओढली. “सुवर्णा, आपणच म्हटलं की वार चुकला, तर चौदाही थांब्यांची मोजणी बाद. अहवाल बाद. मेट्रोला जोडणाऱ्या बसमार्गांचं पुढचं काम याच अहवालावर मिळणार आहे. ते गेलं तर या ऑफिसात कोण राहील, सांगता येत नाही. तू तर नक्कीच नाही. तुला कायम करायचं पत्र टायपिंगला गेलंय.”

“मग थांब्यांचं काय, सर?”

“हरकती-सूचनांची मुदत अजून आहे. कुणी नागरिकाने एखाद्या थांब्याच्या मोजणीवर हरकत घेतली, तर तेवढा थांबा परत मोजता येतो. तशी तरतूद आहे.” मग आवाज आणखी खाली आणून म्हणाले, “मी तुला काही सुचवत नाहीये.”

ते सुचवतच होते, आणि मी ते लगेच उचललं. त्याच संध्याकाळी हरकतीचा अर्ज स्वच्छ अक्षरात लिहून मी विमल मावशीच्या दारात गेले.

विमल मावशी बार्शीकडची. नवऱ्यामागे दोन मुलींची लग्नं तिने त्या वायरिंगच्या नोकरीवर केली. माझी आई टायफॉइडने पडली होती तेव्हा दीड महिना माझा डबा तिच्या घरून यायचा. तिचा उजवा गुडघा तेव्हाच कुरकुरायला लागला होता. शेलारमळा गेला तर सगळ्यात जवळचं स्टेशन सव्वा किलोमीटरवर, तेही कंटेनर धावतात त्या रस्त्याच्या कडेने. हे सगळं मी तिला नकाशावर दाखवलं.

ती भाकरी थापत होती. हात न थांबवता तिने विचारलं, “म्हंजे माझा थांबा जातोय?”

“जातोय. पण तू ह्याच्यावर सही केलीस तर परत मोजतील.”

“काय लिवलंय ते वाच.”

मी वाचलं. सदर थांब्याची मोजणी कारखान्यांच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी झाल्यामुळे ती ग्राह्य धरू नये, वगैरे.

“सुट्टीचा वार कुणी ठरवला व्हता?”

“मी.”

“मग ह्यात तुझंच नाव खराब हुतंय की.”

“माझं नाव नाही लिहिलेलं त्यात.”

“लिवलं न्हाई म्हणून काय झालं? इचारतीलच की, कुणी केलं म्हणून. तुला काढतील.” तिने भाकरी तव्यावर टाकली आणि पीठ लागलेली बोटं मला दाखवली. “मी न्हाई सही करत. चालंन मी. सव्वा किलोमीटरनं काय मरत न्हाई माणूस.”

मी चाळीतल्या आणखी पाच-सहा बायकांकडे गेले. तोवर मावशीचा निरोप माझ्याआधी पोचला होता. सगळ्यांनी चहा पाजला, कुणीही सही केली नाही. माझ्या नोकरीसाठी अख्खी चाळ पायपीट करायला तयार झाली होती. मला रडू आलं, आणि खोटं कशाला बोलू, त्यातला थोडा भाग सुटल्याचा होता. लोखंडे गेट, वजनकाटा आणि पॉवर हाऊसबद्दल मी कुणालाच काही बोलले नाही. कुणी मला विचारलंही नव्हतं.

सुनावणी एका सोमवारी अकरा वाजता होती, म्हणजे जेव्हा एकही कामगार येऊ शकत नाही अशा वेळी. सभागृहात दुकानदार होते, पार्किंग जाणार म्हणून चिडलेले. एक शाळेचे मुख्याध्यापक होते, स्टेशन शाळेसमोर नको म्हणणारे. वर अधिकारी आणि त्यांच्या शेजारी टिपणं घेणारे दोघे. पहिल्या रांगेत राजाध्यक्ष सर, त्यांच्या मागे मी. माझ्या पर्समध्ये तो बिनसहीचा अर्ज होता. खाली माझी सही करून तो द्यायचा, असं मी घरून ठरवून निघाले होते. सभागृहात शिरताना ते ठरवणं थोडं सैल झालं होतं आणि खुर्चीत बसेपर्यंत उरलं नव्हतं.

साडेबाराच्या सुमाराला मागच्या दारातून विमल मावशी आत आली. साडीवर कंपनीचा निळा एप्रन तसाच होता. अर्ध्या दिवसाची रजा टाकून आली होती. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. शिपायाने तिच्या हातात माइक दिला, तो तिने हनुवटीला टेकवून धरला.

“शेलारमळा,” ती म्हणाली. “तिथली मोजणी चुकलीय साहेब.”

“कशावरून?” अधिकाऱ्यांनी विचारलं.

“कारण ती मीच केली.”

अधिकाऱ्यांनी कागदावरून मान वर केली. “तुम्ही मोजायला होतात?”

“व्हते. दिवसभर. पण काय हाय साहेब, आदल्या दिवशी दुसरी पाळी झाली व्हती. मला डुलकी लागली. मधी घरी जाऊन सैपाकबी करून आले. मग आपल्या अंदाजानं रेघा मारल्या.”

सभागृहात हशा झाला. दुकानदार सकाळपासून पहिल्यांदाच हसले. माझ्या कानांतून वाफा निघतायत असं मला वाटलं. मावशी दिवसभर उठली नव्हती, पाणी प्यायलासुद्धा तिने शेजारच्या पानवाल्याला हाक मारली होती. मी स्वतः पाच वेळा पाहिलं होतं.

“म्हणजे अडतीस हा आकडा खोटा?” अधिकारीही हसत होते.

“साफ खोटा. तिथं आमच्या कंपनीच्या बाया एका पाळीला तीनशे हायत. परत मोजा. आन् त्या सुपरवायझर पोरीला काय बोलू नका, तिनं मला धा वेळा बजावलं व्हतं. चूक माझी हाय.”

अधिकारी राजाध्यक्ष सरांकडे वळले. “अशी माणसं घेता तुम्ही?”

सर उठले. “स्थानिक माणसं घ्यावी लागतात, साहेब. शेलारमळा आम्ही परत मोजून देतो.” ते बसले. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही, पण त्यांची मान ताठ झालेली मला दिसत होती.

“पर्यवेक्षक कोण होतं?”

मी उभी राहिले.

“बाकीच्या थांब्यांवर असं काही झालंय का? आत्ताच सांगा. नंतर कठडे उभे राहिले की मग काही करता येणार नाही.”

तो प्रश्न सरळ होता. विचारणारा माणूस ऐकायला तयार होता, लिहून घेणारे दोघे पेन धरून बसले होते, आणि मावशी अजून माइकजवळ उभी होती. मला नुसतं वार कुठला होता एवढंच सांगायचं होतं. एकच शब्द.

“नाही, साहेब,” मी म्हणाले. “बाकीच्या थांब्यांवर सगळे आपापल्या जागेवर होते.”

यातला शब्द न् शब्द खरा होता. टिपणं घेणाऱ्यांनी तो लिहून घेतला.

पुढचं सगळं झपाट्याने झालं. शेलारमळा एका बुधवारी परत मोजला, या वेळी बाहेरच्या कॉलेजची पोरं आणून. नऊशे बारा आले. स्टेशन मंजूर झालं. मला कायम केल्याचं पत्र मिळालं आणि मेट्रोला जोडणाऱ्या बसमार्गांचं कामही आमच्याच कंपनीला मिळालं. मावशीच्या वाट्याला काय आलं, तेही सांगायला हवं. एका स्थानिक वर्तमानपत्राने ‘मोजणीस बसलेल्या महिलेला लागली डुलकी’ अशी चौकट छापली. तिच्या कंपनीत बायकांची तक्रार समिती होणार होती, तिच्यात तिचं नाव ठरलेलं होतं. ते कापलं गेलं. कामावर झोपणारी बाई तक्रारी काय ऐकणार, असं मॅनेजर म्हणाला. चाळीतली पोरं तिला बघून घोरायची. ती त्यांच्या पाठीत धपाटा घालायची आणि हसायची.

“मला कोण काढणार हाय मोजणीवरनं?” मी माफी मागायला गेले तेव्हा ती म्हणाली. “मी तर एका दिवसाची व्हते. तुझं तसं न्हाई.”

चार वर्षांनी बस सुरू झाली. पहिल्या दिवशी मावशीने शेलारमळ्याच्या फलाटावर नारळ फोडला आणि सुरक्षारक्षक ओरडत आला, तर त्यालाच खोबऱ्याचा तुकडा दिला. मी तेव्हा शिवाजीनगरच्या जवळ राहायला गेले होते, नवऱ्याबरोबर. चाळीत सणावारी जायचे. काम वाढलं, पद वाढलं. मोजणीचा वार ठरवताना मी आता प्रत्येक गावची सुट्टी आधी विचारते, आणि हाताखालची पोरं मला त्यावरून अनुभवी म्हणतात.

आणखी दोन वर्षांनी, मेट्रो चालू झाल्यावर, एका सकाळी मी तिथल्या बसची पाहणी करायला गेले. पहिल्या मेट्रोने शेवटच्या स्टेशनला उतरले आणि पलीकडून बस घेतली. शेलारमळ्याला निळ्या एप्रनातल्या बायकांचा घोळका उतरला. त्यात विमल मावशी दिसली, म्हणून मीही उतरले. वाटलं, ती समोरच्या गेटात वळेल. ती वळली नाही. सगळ्या बायका रस्त्याच्या कडेने, एकीमागे एक, तशाच पुढे निघाल्या.

मी धावत तिला गाठलं. “कुठे चाललीस?”

“कामाला. आमची लाइन हलवली की गं दिवाळीपासनं. आता वजनकाट्याच्या मागल्या शेडमधी हाय.” ती पाय जरा ओढत चालत होती. शेजारून कंटेनर गेला की सगळी रांग गटाराकडे सरकायची आणि परत रस्त्यावर यायची.

“बस तर तिकडूनच पुढे जाते.”

“जाती. थांबत न्हाई. तिथं स्टेशनच न्हाई केलं. म्हणं तिथं कुणी चढतच नव्हतं.” तिने माझ्याकडे बघितलं. “आता एवढ्या तीन कंपन्या हायत तिथं. आन् कुणी चढत नव्हतं?”

मी तिला सांगितलं. तिथेही गुरुवारीच मोजलं होतं, चारही गेटांवर गुरुवारीच. सुनावणीत मला तेच विचारलं होतं.

ती चालायची थांबली. मागच्या बायका आम्हाला वळसा घालून पुढे गेल्या.

“तवा मी माइकपाशी उभी व्हते,” ती म्हणाली.

“हो.”

“मला वाटलं, माझाच तेवढा थांबा हाय. तू मला बोलली न्हाईस.”

“नोकरी गेली असती, मावशी.”

“माझं खोटं माझ्यापुरतं व्हतं. त्यानं कुणाला चालायला लागलं न्हाई.” तिने हाताने पुढची रांग दाखवली. त्यातल्या बऱ्याच जणी माझ्या तेव्हाच्या वयाच्या होत्या. “ह्यांनी तुझं काय केलं व्हतं?”

मला लाज वाटली, एवढंच मी आज सांगू शकते. ती पुढे निघाली, आणि मीही गेटपर्यंत तिच्या मागे मागे, रांगेत चालत राहिले.

त्याच दिवशी ऑफिसात बसून मी अर्ज लिहिला, माझ्या नावाने, माझ्या सहीने. वार चुकला होता, तो मी ठरवला होता, सुनावणीत मी तो सांगितला नाही, हे सगळं त्यात होतं. वजनकाटा, लोखंडे गेट आणि पॉवर हाऊस इथे पुन्हा मोजणी करावी अशी विनंती केली. राजाध्यक्ष सर तोवर निवृत्त झाले होते. मी नोकरी जाण्याच्या तयारीने घरातल्या माणसाला सगळं सांगून ठेवलं. पण मला कुणी बोलावलंसुद्धा नाही. ज्या भीतीने मी सहा वर्षं गप्प बसले होते, त्या गोष्टीत कुणाला काडीचा रस उरला नव्हता.

उत्तर अकरा आठवड्यांनी आलं. विनंतीनुसार तिन्ही ठिकाणी कामाच्या दिवशी, बुधवारी, नव्याने मोजणी करण्यात आली. बसमध्ये चढणाऱ्या प्रवाशांची संख्या तिन्ही ठिकाणी शून्य आढळली. सबब नवीन स्टेशनाचा प्रस्ताव विचारात घेता येत नाही.

तो कागद घेऊन मी पहाटेच विमल मावशीकडे गेले. तिने तो दिव्याखाली धरला आणि ओळीखाली बोट फिरवत शेवटपर्यंत वाचला.

“बरोबर हाय की,” ती म्हणाली. “बसच थांबत न्हाई तिथं. चढणार कोण आन् कुठनं?”

तिने कागदाची घडी घालून तो मला परत दिला, एप्रन चढवला आणि गुडघ्यावर हात टेकून उठली. तिला आता पूर्वीपेक्षा अर्धा तास लवकर निघावं लागत होतं.